प्रत्यय

"आबानी गोट शे," असे दिपमाला आतल्या खोलीत म्हणाली आणि हसली. मी एका पायातील चप्पल काढली होती आणि दुसरी काढण्याच्या बेतात होतो, तो तसाच उंबऱ्यावर उभा राहिलो. मिलमधील वीज दुपारीच गेल्यामुळे आम्हा सर्वांना लवकर सोडण्यात आले होते आणि त्या वेळी घरात माझी अपेक्षा कोणालाही नव्हती. आतले दार पुरते लागलेले नव्हते. कूलरच्या घरघरीतून माझ्या मुलीचे बोलणे तुटक तुटक बाहेर येत होते. पलीकडे तिची कॉलेजातील मैत्रीण सारिका आहे, हे मला तिच्या हसण्यावरून उमगले. आमच्या खानदेशात गोष्टीला गोट म्हणतात. कहाणी असली तरी गोट, भानगड असली तरी गोट, आणि चारचौघांत ज्याचा उच्चार करू नये अशा प्रकारालाही गोटच म्हणतात. माझ्यासंबंधी अशी काही गोट आहे, ती माझ्या मुलीला ठाऊक आहे, मला मात्र ठाऊक नाही, आणि ती हसण्यासारखी आहे, एवढे सर्व एका क्षणात माझ्या अंगावरून उतरत गेले. मी खाकरलो. आत बोलणे एकदम थांबले. "चाल, ठेवस," असे ती घाईने म्हणाली आणि बाहेर आली. "आबा, तू इतला लवकर कसा उना?" तिच्या हातातील फोन तिने पोटाशी पालथा धरला होता. फोन पालथा धरण्याचे काय कारण असावे, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात शिरला आणि पुढे कित्येक दिवस तो बाहेर पडला नाही.

मी नववीपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. पुढील शिक्षण घडले नाही, परंतु शब्दांची ओढ मात्र कायम राहिली. जळगावात आल्यावर मी वाचनालयाचा सभासद झालो, आणि डाळमिलीतील तुरीच्या धुळीने भरलेले हात स्वच्छ धुऊन मी तेथे शब्दकोश चाळीत बसत असे. त्यामुळे घरात एखादा अनोळखी शब्द आला की मला तो दारात उभ्या असलेल्या परक्या पाहुण्यासारखा वाटतो. तो कोणाकडे आला, कशासाठी आला, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही. गेल्या काही वर्षांत असे पाहुणे फार आले. दिपमाला एखादा विनोद ऐकून "लोल" म्हणते. मी शब्दकोशात पाहिले, तर लोल म्हणजे चंचल, हलणारा. काय हलले, ते मला कळेना. मग निरीक्षणाने कळले की हा हसण्याचा शब्द आहे. परंतु तो उच्चारताना ती हसत नाही. ओठ जागच्या जागी राहतात, डोळे फोनवर राहतात, आणि हसण्याऐवजी हसण्याचे नाव घेतले जाते. ज्या घरात माणसे हसण्याऐवजी हसण्याचे नाव घेतात, तेथे रडण्याऐवजी, रागावण्याऐवजी आणि खरे सांगण्याऐवजी काय घेत असतील, असा विचार माझ्या मनात आला होता. मिलचे मालक लखीचंदशेठ यांचा नातू रोनक हाच शब्द "एल-ओ-एल" असा एकेक अक्षर सुटे करून उच्चारतो, आणि धुळ्याचा हेमकांत, ज्याच्याशी दिपमालाचा साखरपुडा होऊन गेला आहे, तो त्याचे "एलोएल" करतो. एकाच शब्दाचे असे तीन उच्चार मी ऐकले, आणि त्यातला कोणताही हसण्यासारखा वाटला नाही.

त्या दुपारनंतर मी आठवू लागलो. माझी अशी कोणती गोट असू शकेल? मनुष्याला स्वतःविषयी सर्व काही ठाऊक असते असे आपण समजतो. परंतु इतरांच्या तोंडी आपण कोणत्या रूपाने वावरतो, ते आपल्याला कधीच दिसत नाही. साखरपुड्याच्या दिवशी मी धुळ्याच्या मंडळींपुढे छोटेखानी भाषण केले होते. "उभय कुटुंबांतील स्नेह वृद्धिंगत होवो," असे म्हणताना वृद्धिंगत शब्दावर माझी जीभ किंचित अडखळली होती. त्या वेळी हेमकांत खाली मान घालून बूट पाहत होता. तो बूट पाहत होता की हसू लपवीत होता? माझ्या सदऱ्याचे एक बटण वेगळ्या रंगाचे होते. जेवताना मी मठ्ठा दोनदा मागून घेतला होता. एरवी ज्यांची आठवणही राहू नये अशा या बाबी आता रात्रंदिवस माझ्याभोवती रांगेने उभ्या राहू लागल्या, आणि प्रत्येक बाब म्हणे, मीच ती गोट. मिलमध्ये पोत्यांची थप्पी लागत असताना माझे लक्ष उडू लागले. रोनक म्हणाला, "काका, आज तुम्ही फुल सस दिसताय." मी विचारले, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "म्हणजे काहीतरी लपवताय असं." मी, आणि लपवतो! मला त्या शब्दाचा आवाज आवडला नाही. फुग्यातील हवा भोकातून निसटावी, किंवा सर्प गवतातून जावा, तसा तो आवाज होता.

माझ्या पत्नीला, इंदिराबाईला, मी सांगून पाहिले. ती ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या, भाकरी थापीत होती. "पोर मैत्रीनसंगे बोलस, त्यामा काय इपरीत शे?" ती म्हणाली. "तुमनं डोकं पुस्तकं वाचीसन फिरी गयं." मी म्हणालो की तिच्या बोलण्यात माझे नाव आले होते. त्यावर ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "मंग बापनं नाव पोर नही लेवाव तं कोन लेवाव?" हे उत्तर बरोबर होते; परंतु बरोबर उत्तराने संशय जात नाही, तो फक्त थोडा वेळ बाजूला सरकून बसतो.

तो पुन्हा पुढे आला तो काही दिवसांनी, गच्चीवर. मी पाण्याची टाकी भरली की नाही ते पाहण्यासाठी जिना चढत होतो. वरती दिपमाला वाळलेले कपडे काढीत होती आणि फोन तिने खांदा व गाल यांच्यामध्ये धरला होता. मी शेवटच्या पायऱ्यांवर थांबलो. मुद्दाम थांबलो, असे म्हटले पाहिजे. ती म्हणत होती, "हेमकांतनी माले गोष्ट करं ना, तेव्हाच मी समजी गऊ." मग काही वेळ ती ऐकत राहिली. मग, "आबाले सांगनंच पडी. पन कसं सांगू?" येथे मला एक गोष्ट नमूद करावयाची आहे, जी त्या वेळी माझ्या ध्यानात आली होती आणि तरीही मी तिला महत्त्व दिले नाही. गोष्ट हा शब्द स्त्रीलिंगी आहे. "गोष्ट करी" असे तिने म्हणावयास हवे होते. ती "करं" म्हणाली. शिवाय घरात बोलताना ती नेहमी गोट म्हणते, आणि येथे मात्र शहरातल्यासारखा गोष्ट शब्द तिने योजला होता, तोही काहीसा घोगऱ्या उच्चाराने. व्याकरण मला पायऱ्यांवर थांबवून काहीतरी सांगू पाहत होते. परंतु आजच्या मुलांना लिंगवचनाचे भान नसते, असे म्हणून मी त्याला गप्प केले. मला जे ऐकावयाचे होते ते मी ऐकले होते. हेमकांतने माझ्या मुलीला माझ्याविषयीची काही गोष्ट सांगितली आहे. आधी ती हसली होती. आता ती मला कसे सांगावे या विवंचनेत आहे. म्हणजे गोष्ट हसण्यापलीकडील आहे. म्हणजे धुळ्याची मंडळी हे लग्न मोडणार, आणि त्याचे कारण म्हणून माझे नाव घेणार. मी टाकी न पाहताच खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जातो असे सांगून मी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. एरंडोल गेले, पारोळा गेले. खिडकीतून तापलेला वारा येत होता आणि कापूस काढलेल्या शेतांतील काड्या उभ्या होत्या. मी मनातल्या मनात वाक्ये जुळवीत होतो. "हेमकांतराव, आपण माझ्या पश्चात माझ्याविषयी जे उद्गार काढले," असे एक वाक्य होते. "मजविषयी" घालावे की "माझ्याविषयी", यात पारोळ्यापर्यंतचा रस्ता गेला. माझ्यापुढील बाकावर दोन कॉलेजची मुले बसली होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "भाऊ, क्रिंज शे यार तुनं स्टेटस," आणि ती दोघेही मागे वळून माझ्याकडे न पाहता हसली. न पाहता हसली, म्हणूनच मला वाटले की ती मला पाहून हसली असावीत. क्रिंज म्हणजे पाहणाऱ्याला लाज वाटावी असे, हे मला पुढे कळले, आणि आता हे लिहिताना त्या विचाराचा वेडेपणाही दिसतो. परंतु बसमध्ये तो वेडेपणा नव्हता, तेथे ती केवळ सावधगिरी होती.

हेमकांत दुचाकींच्या शोरूममध्ये नोकरीला आहे. मला काचेच्या दारात पाहताच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि माझी खात्री पटली. त्याने मला नव्या गाड्यांच्या मागे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसविले, पाणी आणून दिले. मी जुळविलेले वाक्य ऐनवेळी आठवले नाही. मी म्हणालो, "हेमकांतराव, दिपमालाला आपण गोष्ट केली, असे माझ्या कानी आले आहे."

तो एकदम उभा राहिला. "तिने सांगितलं तुम्हाला?"

"कोणी सांगितले याला महत्त्व नाही. केली की नाही?"

"आबा, शपथ, मी नाही केलं तसं काही. इथं टार्गेटचं टेन्शन होतं, फोन बघायला वेळ नव्हता. हे सारिकाने भरवलं असेल तिच्या डोक्यात. ती मुलगी पहिल्यापासून टॉक्सिक आहे."

"मग माझी गोट त्यात कशी आली?"

"तुमची?" तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या ओठांवर एक घाबरट, गोड हसू आले. "आबा, तुम्ही तर गोट आहातच! तुमच्यासारखा सासरा कुणाला मिळतो?"

तोंडावर, खुर्चीवर बसवून, पाणी पाजून, त्याने मला सांगितले की मीच गोट आहे. माझी गोट आहे असे नव्हे, मी स्वतःच. माझ्या कानशिलांत रक्त चढले. मी काही बोलण्याच्या आत त्याचे वडील जीवरामभाऊ तेथे येऊन पोहोचले. शोरूममधील कोणीतरी त्यांना फोन केला असावा, कारण त्यांचे दुकान त्याच रस्त्यावर आहे. "या, या, याही! काबर फोन नही करा?" असे म्हणत त्यांनी व्याह्याच्या नात्याने माझा हात धरला, आणि मग मुलाचा चेहरा व माझा चेहरा पाहून हात सोडला. मी एवढेच म्हणालो की मुलीच्या मनात काही खंत आहे आणि तिचे मूळ येथे आहे. हेमकांत टार्गेटचे आणि फोनचे काहीतरी पुटपुटला. जीवरामभाऊ जुन्या वळणाचे मनुष्य आहेत. त्यांनी गिऱ्हाइकांदेखत मुलाला झापले. "पोरना फोन उचलस नही तू? बठ्ठा दिन फोनमा घालस, आनि जिले फोन करना तिले करस नही? याही आठलोंग चालीसन उना, लाज वाटस का तुले?" हेमकांत खाली मान घालून बूट पाहत राहिला. फोन उचलत नाही, म्हणजे काय? मला त्याचा अर्थ लागला नाही, आणि लागावा असा मी प्रयत्नही केला नाही. कारण जीवरामभाऊंनी तोपर्यंत चहा मागविला होता, भटजींना फोन लावला होता, आणि चहा संपण्यापूर्वी लग्नाची तारीख पुढच्याच महिन्यातील काढून झाली होती. मुलीचा बाप स्वतः होऊन दारात आल्यावर त्याला रिकाम्या हाती पाठविणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. मी होकार दिला. परतीच्या बसमध्ये मला विजयी वाटावयास हवे होते. परंतु मी सारा वेळ एकच विचार करीत होतो, की यांनी इतकी घाई का केली, काय झाकण्यासाठी केली?

घरी येऊन मी सांगितले. इंदिराबाईने देवापुढे साखर ठेवली. दिपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तू धुळ्याले गयथा?" ती म्हणाली. "माले न सांगता?" मी म्हणालो की मुलीच्या हितासाठी बापाला काही गोष्टी न सांगता कराव्या लागतात. त्याच वेळी तिच्या फोनवर एकामागून एक बारीक टिंग टिंग होऊ लागले. तिने फोन पाहिला आणि तो भिंतीकडे तोंड करून ओट्यावर ठेवून दिला. इंदिराबाई म्हणाली, "दखा, जवाईना मेसेज उनात." दिपमाला "लोल" म्हणाली. त्या शब्दाचा तेवढा कोरडा उच्चार मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

मिलमध्ये सकाळी मी रोनकला बाजूला घेतले. तो मुलगा थट्टेखोर आहे, परंतु खोटे बोलत नाही. मी विचारले, "रोनकशेठ, एखाद्याला तू गोट आहेस असे म्हणतात, त्याचा अर्थ काय?"

"कोण म्हणालं तुम्हाला? मस्तच की काका! गोट म्हणजे सगळ्यांत भारी माणूस. आजपर्यंत झाला नाही असा. बकरीचं स्पेलिंग, पण बकरी नाही. आमचे दादाजी गोट आहेत."

"आणि गोष्ट करणे?"

"गोष्ट?"

मी दिपमालाने उच्चारला होता तसा, थोडा घोगरा, उच्चार करून दाखविला. तो हसू लागला. "घोस्ट, काका! घोस्ट म्हणजे भूत. समोरचा माणूस अचानक बोलणंच बंद करतो, मेसेज बघतो, उत्तर देत नाही. भुतासारखा गायब. त्याला म्हणतात घोस्ट केलं." माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे हसू थांबले. "काय झालं काका? कुणी कुणाला केलं?"

मी तुरीच्या पोत्यावर बसलो. चाळणीचा आवाज चालू होता आणि डाळीची पिवळी धूळ उन्हाच्या पट्ट्यातून वर जात होती. आतल्या खोलीतले ते वाक्य मी पुन्हा ऐकू लागलो. कूलरची घरघर वजा करून, माझी भीती वजा करून. "आबा गोट शे." एवढेच. ती "आबानी" म्हणाली नव्हती. मधला "नी" तिच्या तोंडून आला नव्हता. तो प्रत्यय मी माझ्या मनातून काढून तिच्या शब्दाला जोडला होता; आणि त्या एका अक्षराने मुलीच्या कौतुकाची बापाची बदनामी झाली होती. परंतु कौतुकाने मला बरे वाटले नाही. मला पुढचे वाक्य आठवले. आबाले सांगनंच पडी. काय सांगावयाचे होते तिला?

मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी गेलो. इंदिराबाई बाजारात गेली होती. दिपमाला ओट्यापाशी उभी राहून भेंडी चिरीत होती. मी म्हणालो, "त्यानी तुले घोस्ट करं." मी तो शब्द तिच्यासारखाच उच्चारण्याचा प्रयत्न केला. तिची सुरी थांबली.

"तुले आते समजनं?"

"आते समजनं."

तिने चिरलेली भेंडी बाजूला सारली. मग बोलू लागली, हळू, जणू एखाद्या बहिऱ्या माणसाला सांगावे तसे. हेमकांतने बोलणे बंद केले तेव्हा तिला दोन दिवस रडू आले, आणि मग एके दिवशी जाग आल्यावर तिच्या ध्यानात आले की तिला मोकळे वाटते आहे. तो बोलत होता तेव्हाही सतत विचारीत असे, कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस, ऑनलाइन दिसत होतीस, मग उत्तर का दिले नाहीस. "मी सारिकाले म्हनी, बरंच व्हयनं. माले आठे लगीन करनंच नही. सारिका म्हने, तुना बाप आयकाव नही. मी म्हनी, आबा गोट शे, आबा समजी ली." येथे तिचा आवाज बदलला. "तू त्याले जाईसन धरी लयना. आते तो कालपासून शंभर मेसेज करी रायना. कुठे आहेस, काय करतेस. तू माले एक सबद बी इचारा नही, आबा. दाराआडून आयकत बसना."

मला तिला सांगावयाचे होते की संशय हा प्रेमाचाच एक प्रकार आहे. असे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलेही होते. परंतु हेमकांतलाही तसेच वाटत असेल, हे त्या वाक्याच्या मागोमाग आले, आणि मी ते गिळले. मी म्हणालो, "मी जीवरामभाऊले फोन करस."

"कव्हय?"

"करसू. आज संध्याकाळी."

"आते कर," ती म्हणाली. "माना समोर."

मी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला लावू लागलो. तिने सुरी खाली ठेवली.

"स्पीकरवर टाक, आबा."

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. दारात उभ्या असलेल्या परक्याकडे पाहावे, तसे ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला ती नजर आतून ओळखीची होती. मी बटण दाबले आणि फोन आमच्या दोघांमध्ये ओट्यावर ठेवला. घंटी वाजत राहिली. "विवाहसंबंध पुढे नेणे उचित वाटत नाही," असे एक वाक्य माझ्या डोक्यात तयार झाले होते. पलीकडून जीवरामभाऊंचा मोकळा आवाज साऱ्या स्वयंपाकघरात भरला. "बोला याही! हॉल बी ठरी गया बरं का!"

"जीवरामभाऊ," मी म्हणालो, "हाई लगीन करनं नही आम्हले."

पलीकडे दुकानातील गोंगाट ऐकू येत राहिला. मग त्यांनी विचारले, आणि त्यांचा आवाज आता मोकळा नव्हता, "पोर ना म्हनस, का तुम्ही ना म्हनतस?"

पोर म्हणते असे सांगितले असते, तर धुळ्यापासून जळगावपर्यंत पोरीचे काय केले गेले असते ते मला ठाऊक होते. आणि मी म्हणतो असे सांगितले, तर काल तारीख काढून आज फिरलेला मनुष्य म्हणून माझे काय होईल, तेही ठाऊक होते. दिपमाला माझ्या ओठांकडे पाहत होती.

"मी," मी म्हणालो. "मी ना म्हनस. पोरले काहीच माहीत नही."

जीवरामभाऊ बरेच काही बोलले. मी सर्व ऐकून घेतले, तिनेही ऐकले. शेवटी त्यांनीच फोन ठेवला. दिपमालाने ओल्या हातानेच तो ओट्यावरून उचलला, फोन लागलेला नंबर खरोखर जीवरामभाऊंचाच होता का ते नीट पाहिले, आणि फोन पुसून माझ्या हातात दिला. मग भेंडीची परात पुढे ओढली आणि माझ्याकडे पाठ न फिरवता मला विचारले, "जेवशी का?"